तिसरी पिन

मी, व्हर्नर ऑगस्ट लाहती, वय चौऱ्याहत्तर, राहणार डुलूथ, मिनेसोटा, खनिजाच्या गोदीवर भोंगे आणि इंटरकॉम दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, हे इच्छापत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मंगळवारी माझ्या महाधमनीची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. बहीण मार्लिस समोर कॉफी पीत बसली असली, तरी माझ्यावर कुणाचा दबाव नाही. पूर्वीची सगळी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मी लग्न केले नाही. बँकेतली शिल्लक मार्लिस कोस्की हिची. त्यातून तिने चर्चच्या तळघरासाठी कॉफीचे नवे भांडे घ्यावे. सध्याच्या भांड्यातून जे येते त्याला मी वीस वर्षे सभ्यपणे कॉफी म्हणत आलो.

२. बर्फ उडवण्याचे यंत्र शेजारी डेनिस ओब्रेक याला द्यायचे होते, पण तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवू नये असे वकील सांगतो. म्हणून ते मार्लिसला. डेनिसने ते नेहमीसारखे न विचारता न्यावे.

३. मल्टिमीटर, सोल्डरिंगचे सामान आणि बल्बची पेटी शाळेच्या विद्युत वर्गाला. ही पेटी फेकू नये. नवीन बांधलेले कुठलेही यंत्र पहिल्यांदा भिंतीत थेट लावायचे नसते, या बल्बमधून लावायचे. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. तसाच लखलखत राहिला तर आत काहीतरी चुकले आहे. चालू यंत्रात काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वाटेत छाती लागत नाही. मुलांना हे कायद्याच्या भाषेत सांगता आले असते तर बरे झाले असते.

४. आता दोन डबे. मार्लिसचा नवरा ड्युएन आणि मी, दोघांनी एका हिवाळ्यात याच टेबलावर हेडफोनसाठी दोन सारखे अ‍ॅम्प्लिफायर बांधले. संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी पट्टीही त्यांच्या पोटातच बसवली. स्वस्तात करायचे ठरले होते. पट्ट्या टपालाने आल्या, ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याचे डबे गोदीच्या भंगारातून. आराखडा माझा होता. ड्युएन तो स्वतःचा म्हणून सांगायचा. ते मी माफ केलेले नाही, पण या कागदापुरते बाजूला ठेवतो.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून थोडी वीज डब्याच्या पत्र्यावर झिरपते. प्लगची तिसरी, गोल पिन ती जमिनीत नेऊन सोडते. तिचे काम एवढेच. ती नसेल तर वीज पत्र्याला लागलेल्या माणसातून वाट काढते.

ड्युएनचा डबा संगणकाला जोडला की त्यात घुं घुं आवाज यायचा. मी म्हटले, "कारण शोध. संगणक नुसत्या बॅटरीवर चालवून बघ."

तो म्हणाला, "व्हर्न, तू कारण शोधत बस. मला गाणी ऐकायचीत." पुढच्या आठवड्यात त्याचा डबा शांत होता. कसा, ते त्याने सांगितले नाही. हसला फक्त.

दोन वर्षांपूर्वी, एका शनिवारी, ड्युएन आपल्या घराच्या तळघरात गेला. सौनातून, म्हणजे घाम काढायच्या तापत्या खोलीतून निघून, ओल्या अंगाने, सिमेंटच्या जमिनीवर अनवाणी बसून हेडफोन लावायची त्याची सवय होती. मार्लिस जेवायला बोलवायला गेली तेव्हा हेडफोन कानांवरच होते. डॉक्टरांनी मृत्यूचे कारण हृदय लिहिले. वजन, उष्णता, वय. त्यांचे चुकले असे मी म्हणू शकत नाही. महिन्याने मी प्लग पाहिला. तिसरी पिन पक्कडीने तोडलेली होती. आवाज बंद करायचा आमच्या छंदातला हा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि तो दर वेळी लागू पडतो.

मार्लिसला सांगितले. तिने कप बाजूला सारला. मग म्हणाली, "मला हृदयच राहू दे, व्हर्न. त्यात कुणाची चूक नसते."

मी ते तिच्यापुरते मान्य केले. डब्याला नवा प्लग बसवला. तिथेच ठेवला, कारण तो माझा नव्हता. आता त्या घरात माझा भाचा ट्रॅव्हिस राहतो. वडिलांचा डबा तोच ऐकतो.

नाताळात तो मला म्हणाला, "मामा, रागावू नका, पण बाबांच्या डब्यात आवाज नव्हता. तुम्ही हात लावलात आणि घुं घुं सुरू झाली."

"ती ऐकू येतेय तोवर तू बरा आहेस. प्लगला काही करू नकोस."

"आई म्हणतेच, तुम्हाला बाबांचं काहीच आवडायचं नाही."

मार्लिस वाचते आहे आणि असे म्हटल्याचे नाकारते. नोंद घेतली.

५. हे घर आणि माझा स्वतःचा डबा, पिनेसकट, ट्रॅव्हिस कोस्की याला, अट एकच. त्याने ड्युएनचा डबा मार्लिसच्या हाती द्यावा आणि तिने त्याची वायर पत्र्यालगत कापावी. तोवर घराची किल्ली वकिलाकडे राहील. घर देऊन डबा मागणारा म्हातारा वेडा ठरेल, म्हणून डोके ठिकाणावर असल्याचे वर लिहिले आहे.

हे कलम लिहिल्यावर मार्लिस म्हणाली, "मरायची वाट कशाला बघतोस? आत्ता विचार त्याला." म्हणून मी फोन केला. बोलणे झाले तसे लिहितो.

"डबा कसा आहे?"

"एकदम शांत. दुकानात दोन पिनांचं अडॅप्टर मिळालं, परवाच. तुमच्याशिवाय जमलं बघा."

"ट्रॅव्हिस, ते अडॅप्टर काढ."

"मामा, गाणं असं ऐकलंच नव्हतं मी. फक्त डब्यावर हात ठेवला की जरा झिणझिण्या येतात. मांजराच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं. छान वाटतं खरं तर."

"आत्ता अंग कोरडं आहे तुझं?"

"आत्ता आहे. सौना तापलाय, चाललोच आत. निघालो की बोलू."

फोन बंद झाला. मार्लिसने पुन्हा लावला. वाजतो आहे. सौनात फोन नेत नाहीत.

६. ती कोट घालते आहे. डेनिसने गाडी सुरू केली आहे. त्याची सासू हॅरिएट न्यबर्ग हिला सहीसाठी दारातच थांबवले आहे. ट्रॅव्हिसचे घर टेकडीच्या पलीकडे आहे आणि रस्त्यावर बर्फ आहे. पायऱ्या उतरताना माझे काही बरेवाईट झाले, तर मागे न पाहता पुढे जावे. आत गेल्यावर, तो कसाही बसलेला दिसो, त्याला हात लावू नये. आधी जिन्याखालचा मुख्य स्विच पाडावा. तो पडेपर्यंत मार्लिसला डेनिसने धरून ठेवावे. तिला हे मी वाचून दाखवले आहे. तिने मान हलवली.

वरील सर्व माझी इच्छा आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करतो, आणि त्यांनी माझ्यादेखत.

व्हर्नर ऑगस्ट लाहती

साक्षीदार: हॅरिएट न्यबर्ग
साक्षीदार: डेनिस ओब्रेक (हातमोजा घालून सही केली, अक्षर माझेच)

डुलूथ, मिनेसोटा. अठरा जानेवारी, शनिवार. फोन अजून वाजतो आहे.