दणकट रोपांचा प्लॉट

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. माणूस मोठा झाला की लोक त्याच्या डायऱ्या शोधतात, म्हणून अक्षर नीट काढतोय. संकल्प: मक्याचे शंभर शुद्ध वाण, एका वर्षात. इतरांना सात वर्षं लागतात. अर्ध्या गुणसूत्रांचे दाणे निवडायचे, त्यांची रोपं औषधात बुडवून गुणसूत्रं दुप्पट करायची, की झालं. संशोधन केंद्राच्या डायरेक्टरांना शब्द दिलाय. विभागप्रमुखांची खुर्ची डिसेंबरात रिकामी होतेय.

११ जानेवारी
लॅबवाल्या बाईंनी डायरेक्टरांसमोर माझ्या हातातली निवडलेल्या दाण्यांची बशी काढून घेतली. म्हणाल्या, डोकं जांभळं आणि कोंब पांढरा, तो दाणा ठेवायचा. साहेबांचं उलटं चाललंय. चौदा वर्षं दाणे निवडले म्हणून शास्त्र येतं का? तेही चारचौघांत!

११ जानेवारी, संध्याकाळी
पुस्तकात पाहिलं. बाईंचं बरोबर आहे. सांगायची पद्धत चूक.

१२ जानेवारी
अहवाल दिला: बाईंची नजर अधू झालीय, कामावरून कमी करावं. दीड पान. भाषा फार छान जमली.

१५ जानेवारी
बाई गेल्या. नवरा अंथरुणाला खिळलाय, एवढा हंगाम तरी राहू द्या म्हणत होत्या. मी म्हणालो, विज्ञानात दयामाया नसते. वाक्य चांगलं आहे. भाषणात वापरावं.

१६ जानेवारी
निवड स्वतः सुरू केली. डोळे दुखतात. शंका आली तर दाणा ठेवतोय. मन मोठं हवं.

९ फेब्रुवारी
रोपं औषधातून काढून प्लॉटमध्ये लावली. पाठ धरलीय. ऐतिहासिक दिवस.

२३ मार्च
काही रोपं अगदीच मरतुकडी. वीतभर, फिकट. बाकीची कमरेएवढी, काय रुबाब! मरतुकडी उपटली, त्रेसष्ट भरली. बायको डबा घेऊन आली होती. विचारलं, दुबळी म्हणून उपटताय? निसर्गाचा नियम समजावला. म्हणाली, हा नियम घरात लावला तर पहिला नंबर तुमचा. तिला शास्त्रातलं काही कळत नाही.

१० एप्रिल
प्लॉटमधला मका माझ्या डोक्याच्या वर गेला! डायरेक्टरांना फोटो पाठवला. लगेच उत्तर: उद्या येतो. शर्ट इस्त्रीला टाकला.

११ एप्रिल
डायरेक्टर टोकापर्यंत जाऊन आले. विचारलं, बारकी रोपं कुठायत? अभिमानाने सांगितलं, एकही ठेवलं नाही. त्यांनी शेजारचं एक दणकट रोप उपटून माझ्या हातात दिलं. म्हणाले, तीच खरी होती. अर्ध्या गुणसूत्रांचं रोप औषधानंतरही बारकंच असतं. ही दणकट सगळी चुकून निवडलेली साधी संकरित. उपटायची ती ही. मी म्हणालो, निवड बाईंनी केली असावी. ते म्हणाले, बाईंना तुम्ही त्याआधीच घालवलंत.
इस्त्री फुकट गेली.

१४ एप्रिल
डायरेक्टर स्वतः बाईंच्या घरी जाऊन आले. बाई म्हणाल्या, साहेबांच्या हाताखाली येणार नाही. डायरेक्टर म्हणाले, मग साहेब तुमच्या हाताखाली. हा नक्कीच त्यांना परत आणायचा डाव. तात्पुरता.

२ मे
नवीन दाणे आले. बाईंनी माझी पहिलीच बशी पाहिली, उचलली आणि मला कुंड्या धुवायला दिल्या. मी कंबर कसली. कुठलंही काम हलकं नसतं.

३ मे
एकशेवीस कुंड्या धुतल्या. दुपारी पाहिलं तर बाई त्याच कुंड्या पुन्हा धुवत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. निदान रागावल्या तरी असत्या.