नदीचं वेळापत्रक

२ सप्टेंबर
ठरलं. जंगलात, नदीकाठी, लाकडी केबिन. तीन दिवस. मागच्या वर्षी मेहुण्यांनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाने, सगळ्यांना तंबूत नेलं आणि वर्षभर फोटो दाखवून आमचं डोकं उठवलं. यंदा आमची पाळी. बस डेपोत बावीस वर्षं वेळापत्रकं करतोय मी. एकशे चाळीस गाड्या माझ्या कागदावर धावतात. तीन माणसांची सहल म्हणजे डाव्या हाताचा मळ.

खरा उद्देश मात्र लेक. नऊ वर्षांची झाली तरी पाण्याला घाबरते. पोहण्याच्या क्लासला तीनदा नेली, तिन्ही वेळा कपडे न बदलता परत. पण माझं ऐकते. इंजेक्शन दुखणार नाही असं डॉक्टर म्हणाले तर विश्वास नाही, मी म्हणालो की लगेच दंड पुढे. तिला नदीत उतरवणार ते मीच.

५ सप्टेंबर, दुपार
केबिनच्या राखणदाराला फोन. म्हातारा, सावकाश बोलतो. माणसं किती, हे दोनदा विचारलं. पोहता कुणाला येतं, हेही. मग सोबत न येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर मागितला. किती व्यवस्थित काम! मेहुण्यांचा द्यायचा होता, पण त्यांना कशाला यात घुसवा? माझ्याच दुसऱ्या फोनचा दिला. तोही खिशातच असतो, लगेच उचलता येईल.

९ सप्टेंबर
फोटो आले. केबिन झकास. दारापासून झाडाझाडाला बांधत एक जाड दोर थेट नदीतल्या मोठ्या खडकापर्यंत नेलाय. कपडे वाळत घालायची उत्तम सोय. बायको म्हणाली, कपड्यांसाठी एवढा जाड दोर कोण बांधतं? हिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवयच आहे.

१० सप्टेंबर
चिमटे घेतले. दोन डझन.

१३ सप्टेंबर
राखणदाराचा स्वतःहून फोन. वर धरण आहे. पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा ऐकला की हातातलं टाकून वर यायचं. मी विचारलं, कितीला वाजतो? तर म्हणे, त्याला वेळ नसते साहेब. वेळ नसते म्हणजे काय? बावीस वर्षांत वेळ नसलेली गोष्ट मी पाहिलेली नाही. कुणी नोंद ठेवलेली नसते, इतकंच.

१४ सप्टेंबर
धरणाच्या कार्यालयात चार फोन. पाचव्यांदा एका कारकुनाने उचलला. त्याचं कशातच लक्ष नव्हतं. म्हणाला, काय सांगू बुवा, गेल्या आठवड्यात दोनदा सोडलं, चारच्या सुमाराला. झालं की! विचारता यायला हवं. सहलीच्या तक्त्यात टाकलं : भोंगा, दु. ४.००. थोडं इकडेतिकडे होणार म्हणून ३.४५ ते ४.१५ नदी बंद.

तक्ता रंगीत छापला, लॅमिनेट केला. लेकीने बोट ठेवून वाचला. म्हणजे सकाळी पाणी येणारच नाही ना बाबा, असं विचारलं. मी म्हणालो, नाही येणार. मग उतरेन म्हणाली. खरं सांगतो, डोळे भरून आले माझे.

१७ सप्टेंबर
वरच्या भागात जोरदार पाऊस असल्याचं बायकोने मोबाइलवर दाखवलं. अहो, पुढे ढकलू या म्हणाली. मी समजावलं, पाऊस वर आहे, आपण खाली. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. पटलं असावं.

२० सप्टेंबर, सायं. ५.३०
पोचलो. दहा मिनिटं आधीच. झाडी दाट, पण पक्षी एकही ओरडत नाही. बरंच आहे, शांततेसाठीच तर आलोय. केबिनच्या भिंतींवर माझ्या खांद्याइतक्या उंचीवर तपकिरी रेघ आहे, चारी बाजूंनी सरळ. रंगकामाची हौस दिसते. बायकोने त्यावर बोट फिरवलं. बोटाला चिखल लागला.

अंधार पडायच्या आत राखणदाराने आम्हाला पायरीवर उभं करून मोजलं. एक, दोन, तीन. मग पुन्हा मोजलं. लेकीने विचारलं, आजोबा, रोज मोजता? म्हणाला, हो बाळा, दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी एक कमी भरला, तेव्हापासून. लहान मुलांसमोर असलं बोलायचं असतं का? तक्रारवहीत लिहिणार.

२१ सप्टेंबर, स. ९.००
आकाश स्वच्छ निळं. दोराच्या पाण्यावरच्या टोकाला ऊन चांगलं, म्हणून पाच टॉवेल आणि दोन चादरी तिथेच लावल्या.

आणि लेक उतरली! गुडघाभर पाणी, माझा हात घट्ट धरलेला, डोळे मिटलेले. दोर बांधलेल्या मोठ्या खडकापर्यंत पोचलो. वर चढून हसली. मेहुण्यांना फोटो पाठवायचाय, पण रेंज नाही.

स. ९.५०
खडकावरूनच लिहितोय. भोंगा वाजला. लेक दचकली. तिला तक्ता दाखवला. चार वाजलेले नाहीत. चाचणी असणार. बायको काठावरून ओरडतेय. राखणदारही धावत येतोय, या वयात कशाला एवढी दगदग? लेक रडत म्हणते, बाबा, जाऊ या ना. मी म्हणालो, बस गं, काही होत नाही. ती बसली.

दुपार
वही शर्टाच्या खिशात वाचली, फक्त कडा भिजल्या. तिघेही आहोत.

पाणी आवाज करत आलं नाही. नुसतं वाढत गेलं. राखणदार दोर धरून आला, वाटेतला एकेक टॉवेल उपटून फेकत. त्यात वेळ गेला. लेकीला खांद्यावर टाकलं, मला ओरडून दोर धरायला लावला. पाणी आधी कमरेला, मग छातीला. काठाला लागल्यावर मागे पाहिलं तर खडक नव्हता.

घाबरलो. फार घाबरलो. इथे लिहायला हरकत नाही.

तक्ता वाहून गेला. पाणी सहा तास दहा मिनिटं आधी सोडल्याबद्दल धरणवाल्यांकडे लेखी तक्रार करणार आहे. बायको सामान भरतेय. लेक राखणदाराजवळ बसलीय. मी हाक मारली तर आधी त्याच्याकडे पाहिलं.

२४ सप्टेंबर
घरी. चूक कारकुनाची होती, हे लेकीला नीट समजावून सांगितलं. तिने मान हलवली. मुलं लवकर विसरतात. आठवडाभरात सगळं पूर्ववत होईल.

२७ सप्टेंबर
तिच्यासाठी नवा पोहण्याचा क्लास शोधला. पाणी फक्त तीन फूट. तिला सांगितलं, तीन फुटांत काही होत नसतं. तिने बायकोला विचारलं, आई, खरंच का?

२९ सप्टेंबर
लेकीला शाळेत सोडायला गेलो. रस्ता ओलांडताना म्हणालो, चल, गाडी नाही. ती जागची हलली नाही. दोन्हीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईंना विचारलं, काकू, आता जाऊ का? त्या म्हणाल्या, जा बाळा. ती गेली.

रस्ता खरंच मोकळा होता.