भात थंडा होऊन राहिला

रविवार, संध्याकाळी सात

सुटले एकदाची! दोन दिवसांत गेम बनवायची स्पर्धा. पाचला आमचा गेम अपलोड केला आणि सव्वापाचला नंदनवन वस्तीतून अनिकेतचा फोन. चित्रं त्याची, कोड माझा. "तुह्या आईचा आवाज काहून ठेवला वं त्यात?"

गेममध्ये वेळ संपली की वाजायला चांगली घंटा सापडेपर्यंत, तात्पुरती म्हणून आईचीच हाक मोबाइलवर घेतली होती. "जेवाले ये वं, भात थंडा होऊन राहिला!" बदलायचं राहूनच गेलं. आता मुदत संपलेली, हात लावता येत नाही. इतकी कशी मी वेंधळी?

तासभर स्पर्धेचं पान उघडायची हिंमत झाली नाही. उघडलं तर एका परीक्षकांनी लिहिलेलं, "घंटा वाजली असती तर बसूनच राहिलो असतो. ही हाक ऐकून खुर्चीतून उठलो!" अनिकेत आता म्हणतो, मुद्दामच ठेवला असं सांगू. सांगू दे त्याला.

आईला मात्र खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मी दोन दिवसांपासून हाका मारून राहिली, तू हालली नाही. तो परका माणूस एका हाकेत उठला!"

भात खरंच थंडा होता. दोनदा वाढून घेतला.