बाईच्या वाट्याची लापसी

२७ एप्रिल, रविवार, अमावास्या

आज दुपारी पुन्हा बाई आली. माझी मोठी बहीण बसंती, आम्ही तिला बाईच म्हणायचो. शुगरपायी पाय कापावा लागला, त्यातच दिवाळीत गेली. संक्रांतीपासून रोज दुपारी डोळा लागला की दिसते. उंबऱ्यावर बसते, पाय पदराखाली झाकून. बोलत नाही. माझ्या पायांकडे पाहते.

उपाशी असणार, दुसरं काय. रोजच्यासारखी गुळाची लापसी केली, तूप सोडून निखाऱ्यावर भोग लावला. निखारा चमचाभरच घेतो. उरलेलं पातेलं ह्यांना नको असतं, आणि भोगाचं अन्न मला टाकवत नाही. मीच संपवते. बाईच्या नावचं आहे, माझ्या अंगी कशाला लागेल?

३० एप्रिल, अखजी (अक्षय्य तृतीया)

पितरांची घागर भरली. आमरस केला, बाईची वाटी वेगळी काढली. नंतर ती मीच घेतली.

तहान फार लागते. ऊनच तसं आहे. तळव्यांना मुंग्या येतात, त्या मांडी घालून पोथी वाचते म्हणून. पुसदहून लेकीचा, बबिताचा फोन. म्हणे याडी, सगळं रक्त एकदा तपासून घे, मावशीलेही अशाच मुंग्या येत होत्या. मी सांगितलं, तुझी मावशी चहात तीन चमचे साखर घालायची, मी दोनच घालते. फोन ठेवला.

आत्ता लिहिताना लक्षात आलं, मघापासून मी पाय पदराखाली घेऊन बसले आहे.

५ मे, सोमवार

पोरीनं रक्त तपासायला चौदा तारीख ठरवूनच टाकली. ठीक आहे. आजपासून साखर बंद, गूळ बंद, लापसी बंद. मॅट्रिकलाही मी शेवटच्या आठवड्यातच अभ्यास केला होता आणि पास झाले होते. बाईला मनातल्या मनात सांगितलं, चौदापर्यंत कळ काढ.

९ मे

बिनसाखरेचा चहा. ह्यांनी विचारलं, कोणाचा उपास आहे?

बाई उंबरा सोडून आत आली. चुलीजवळ बसली. रिकाम्या पातेल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याच पायांकडे पाहत होती. मी सतरंजी ओढून घेतली. बाहेर ऊन रणरणत होतं तरी.

१४ मे, बुधवार

पुसदला रक्त दिलं, उपाशी पोटी. कागद नीट वाचला. घरचा हिशेब मी ठेवते, मला कोण फसवणार? हिमोग्लोबिन, किडनी, चरबी, थायरॉइड. आणि साखर दोनदा! एक उपाशीपोटीची, एक एचबीएवनसी नावाची. मी म्हटलं, एकच वस्तू दोनदा कायले? एक खोडा. लॅबमधली पोरगी म्हणाली, पॅकेज आहे, कमी होत नाही. बबितानं माझं कोपर दाबलं.

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त काळं दिसलं. ती नळी लॅबच्या पोरीनं हळूहळू उलटीसुलटी केली. आतून कोणी पाहत असल्यासारखं वाटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवीला हात जोडले.

१५ मे, गुरुवार

रिपोर्ट आला मोबाइलवर. आकडे वाचता येतात मला. काही आकडे ठळक छापलेत, म्हणजे त्यात विशेष आलं. हिमोग्लोबिन ९.८. एचबीएवनसी ९.२. दहापैकीच असणार. माझ्या गुणपत्रिकेत असा एकही आकडा नव्हता. उपाशीपोटी साखर १३८, तीही ठळक.

दहा दिवसांची तपश्चर्या फळाला आली. मोठ्या पातेल्यात लापसी केली, तूप हात सैल सोडून.

दुपारी बाई आली. आज रडत होती. आनंदानं असणार.

१७ मे, शनिवार

डॉक्टरांकडे. ठळक म्हणजे बिघडलेलं. हिमोग्लोबिन कमी आहे, बारा तरी हवं. किडनी सध्या ठीक. एचबीएवनसी दहापैकी नसतं, साडेसहाच्या पुढे गेलं की शुगर समजायची. मी म्हटलं, दहा दिवस गोडाचं बोटसुद्धा चाटलं नाही. डॉक्टर म्हणाले, दहा दिवसांनी उपाशीपोटीचा आकडा थोडा खाली येतो. ही दुसरी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगते. साखर रक्ताच्या पेशींना चिकटते आणि पेशी जगते तोवर निघत नाही.

मग मी खरं कारण सांगितलं. ते गोड माझ्या वाट्याचं नव्हतं, माझ्या मेलेल्या बहिणीच्या वाट्याचं होतं. तिच्या नावचं माझ्या रक्तात कसं धरता?

डॉक्टरांचा पेन थांबला. बबिताचा चेहरा उतरला.

"याडी," ती म्हणाली, "मावशीनं एक घासही नाही खाल्ला. तूच खाऊन राह्यली."

गोळ्या दिल्या. आल्यावर निजले नाही. कोणी यायला नको होतं.

१८ मे, रविवार

काल एक गोष्ट लिहायची राहिली. विसरले असं नाही.

डॉक्टरांनी मला टेबलावर आडवं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवणार, कळलं की हो म्हणायचं. एवढंच ना. परीक्षेला मी कधी भ्यायले नाही. डोळे मिटले आणि पटापट सांगत गेले. हो. हो. हा अंगठ्याला. हा टाचेला.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "मी अजून सुरू केलं नाही."

मग मी तोंड मिटून वाट पाहिली. कुठे काही लागलं नाही. बराच वेळ झाला. पंख्याचा आवाज येत होता. शेवटी मीच म्हटलं, करा ना आता.

डोळे उघडले तर डॉक्टर कागदावर लिहीत होते. बबिता भिंतीकडे तोंड करून उभी होती.

झालं, म्हणाले. दोन्ही पाय.