व्यायामवाली प्रणाली पैसे नको म्हणते

अमरावती, मंगळवार

भागीरथे, तुले अन् किसनरावायले तुह्या मोठ्या बहिणीचा जयभीम. तुही साखर अन् त्यायचा खोकला ताब्यात असन, अकोल्याचं ऊन थोडं तरी उतरलं असन. मी ठणठणीत बरी हाय, अन् तेच तं संकट झालं व बाई! (पत्र नात दीपमाला लिहून रायली. तिले बजावलं, माह्या तोंडून निंगते तसंच लिही, पुस्तकातलं करू नको.)

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरनं चिठ्ठी देऊन प्रणाली नावाची पोरगी व्यायाम करवाले घरी पाठवली. आठवड्यातून तीनदा, बरोबर अकरा वाजता, पाऊण तास. घरचे सारे कामावर नाहीतं शाळेत, मंग संध्याकाळपर्यंत माह्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. पण कडक! बीपीच्या गोळ्या दाखवल्या, तं म्हणे डॉक्टरले विचारा. शेजारच्या आशाबाईची पाठ चोळ म्हटलं, तं म्हणे ते माहं काम नाही. लुगडं देलं, वापस. तिच्या लग्नाची गोष्ट काढली, तं मले खुर्चीवरून आणखी दहा वेळा उठवलं! (चहा पेते, पण पाऊण तास भरल्यावर, अन् चहाचा वेळ बिलात धरत नाही.)

गेल्या शुक्रवारी तिनं मले कठड्याले हात न लावता जिना चढवला अन् वरतं म्हणे, "आजी, तुमचं काम झालं. पुढच्या महिन्यापासून मी येत नाही." मी तिथंच मटकन बसली. भागीरथे, आपल्या जल्मात कोणी आपल्या हातानं आपलेच पैसे बंद केलेले पाह्यले काय? म्हटलं, पैसे माहा पोरगा धर्मेंद्र देते न, तुह्या काहून पोटात दुखते? तं म्हणे, गरज नसताना घेणं म्हणजे चोरी.

मंग म्या डोकं चालवलं. ती आली का एका कागदावर माहा अंगठा घेते. एक खेप, एक अंगठा, तेवढ्याचंच बिल. म्या तिनं घरी ठेवलेला कोरा कागद काढून पुढच्या महिन्याचे बाराही खाने अंगठ्यानं भरून ठेवले. आता कशी येत नाही पाहू! काल तिनं तो कागद पाह्यला अन् पोरगी पांढरीफट पडली, जसा म्या खूनच केला. "आजी, मी न आलेल्या दिवसाचे अंगठे? हे कोणी पाह्यलं तं माहं काम जाईन!" तिनं साऱ्या खान्यांवर रेघा मारल्या. म्हटलं, "काव, मी तुह्या आजीसारखी न?" म्हणे, "म्हणूनच." अन् रडाले लागली. मंग मीही रडली. (त्याचाही पैसा लावला नाही तिनं.)

तुही बाई,
दुर्गा

ता. क. : तुहा डावा गुडघा दोन वर्षांपासून दुखते न? बडनेऱ्याले उतर, धर्मेंद्र घ्याले येईन. डॉक्टरची चिठ्ठी घेऊ, अन् प्रणाली व्यायाम तुह्याकडून करवन. मी नुसती बाजूले बसीन. यात खोटं काय हाय?

ता. क. दुसरा : दीपमालानं हे आत्ताच प्रणालीले फोनवर वाचून दाखवलं, चुगलखोर! ती म्हणते, खुशाल या, पण डॉक्टर म्हणन तेवढ्याच खेपा, अन् बाजूच्या आजी बोलल्या तं त्यायले बाहेर बसवीन. मी दाराशी बसीन, दार काही तिचं नाही. तू लवकर ये. अन् तोवर गुडघ्याले तेल लावू नको, उगीच बरा होऊन जाईन.