शिवलेलं पान

मावशी,

माझ्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, तरी परवा मी आणखी एक चित्रांचं गोष्टींचं पुस्तक विकत घेतलं. चेटकिणी, राक्षस, बोलणारे मासे, मला सगळं आवडतं. पुस्तक हातात आलं की आधी सावत्र आईचं चित्र शोधते. तिची गाढवावरून धिंड काढलेली असली तर फारच छान. ही गोडी मला तुझ्यामुळे लागली. आई गेली आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे तू, आमच्या मांडवीच्या घरात माझी सावत्र आई होऊन आलीस. बाबा बोटीवर. घरात तू, मी आणि त्यांनी मुंबईहून आणलेलं लोककथांचं पुस्तक. त्यातल्या एका गोष्टीत मेलेली आई सुरंगीचं झाड होते आणि फांदी वाकवून लेकीची वेणी घालते. चित्रात फांदीला बोटं होती. ते बघून मी केस सोडून परसातल्या सुरंगीखाली जाऊन बसले. तू मांदेली साफ करत होतीस. तशीच उठतेस, त्याच मासळीच्या हातांनी माझे केस धरतेस आणि मला फरफटत स्वयंपाकघरात आणतेस.

“कोणाची वाट बघतेस गो? तुझी आवस मेली. मेलेलं माणूस झाड नाय होत.” मी भोकाड पसरलं. “रड. रडून येते काय ती, बघ.”

मग गोधडीची सुई घेऊन तू ती दोन पानं कडेने शिवून टाकलीस आणि पुस्तक माझ्या अंगावर भिरकावलंस. फटीतून हिरवा रंग तेवढा दिसायचा. स्वतःच्या बहिणीसाठी तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही, याचा मला भयंकर राग होता. तू गेलीस तेव्हा मीही रडले नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या लेकीने तो दोरा कातरला. तिला सातवं लागलंय. माझ्या आजाराचं तिला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. चित्र बघून हरखली आणि म्हणाली, “आई, तू कसलं झाड होशील? आंब्याचं हो. मला चढता येईल.”

“कसलंच नाही. मी मेले की मेले. झाडाखाली जाऊन बसायचं नाही.”

“थोडा वेळ तरी येशील ना?”

“नाही.”

ती हमसून हमसून रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर हो म्हणून बसले असते, आणि मग पोर जन्मभर झाडांना मिठ्या मारत हिंडली असती. न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी ती पानं परत शिवली. तुझी माफी मागायला हे लिहीत नाहीये. केस ओढायची काही गरज नव्हती. पत्र कुठे पाठवायचंही नाही, चुलीत घालीन. पण शिवायच्या आधी मी दार लावून घेतलं आणि ते चित्र मन भरेपर्यंत बघितलं.