सातव्या पानावरचा अभ्यासक

३ जून, सोमवार.
संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. रविवारची पुरवणी कुणाकडे द्यायची ते या महिन्यात ठरणार. आमच्याच पेपरातून रिटायर झालेल्या प्रूफवाल्या अण्णांनी वर्तमानपत्रांची टर उडवणारी कादंबरी लिहिली आहे. तिच्यावर मी वीस तारखेला वाचनालयात व्याख्यान द्यावं, मग बघू, म्हणाले. 'मग बघू' म्हणजे ठरल्यातच जमा. सभा-समारंभ आणि निवेदनांच्या सातव्या पानावर एकोणीस वर्षं काढली. आता न्याय होतोय.

४ जून, सकाळी ६.
संकल्प: रोज तीस पानं. अकरा दिवसांत फडशा. तीन रंगांची पेनं आणली. लाल उपरोधासाठी, हिरवं समाजचिंतनासाठी, निळं राखीव.

५ जून.
मलपृष्ठ वाचून काढलं. सकस आहे. आजवर शेकडो पुस्तकांची परीक्षणं मी मलपृष्ठावरूनच लिहिली, एकाही लेखकाची तक्रार नाही. या खेपेला मात्र आतूनही वाचणार.

७ जून.
पान ११. घरात अभ्यासाला वातावरण नाही. पुस्तक बायकोने पळवलंय. स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज. विचारलं तर म्हणाली, यातला आगाऊराव नावाचा उपसंपादक फार ओळखीचा वाटतो. तिला मालिकांमधली माणसंही ओळखीची वाटतात.

१२ जून.
आगाऊराव कोण, याचा छडा लागला. समारंभ होण्याआधीच त्याची बातमी लिहून मोकळा होणारा माणूस, एवढं बायकोकडून कळलं. म्हणजे आमचा मुख्य वार्ताहर, शंकाच नको. त्याला तोंडावर सांगितलं. तो हसत सुटला. खुर्चीत बसला, पाणी मागितलं. वर्मी लागलं की माणसं अशीच हसतात.

मीही बातम्या आधी लिहितो, ती गोष्ट वेगळी. बाहेरगावची आवृत्ती पाचला छापायला जाते, त्यामुळे संध्याकाळचे समारंभ मला दुपारी तीनलाच पार पाडावे लागतात. याला नियोजन म्हणतात.

१७ जून.
पुस्तक परत मिळालं. निदान नववं प्रकरण तरी वाचून जा, असं बायकोने तीनदा बजावलं, शेवटी हात जोडले. पण दाढ दुखतेय. पान १४.

डेस्कवरच्या नव्या मुलीने कादंबरी दोनदा वाचलीय म्हणे. टिपणं देऊ का, विचारत होती. मी समजावलं की फार वाचलं की माणसाला स्वतःचं मत राहत नाही. टिपणं परत पिशवीत ठेवली बिचारीने. पुरवणी हातात आली की तिला शब्दकोडं देईन.

२० जून, गुरुवार, दुपारी ३.
बातमी लिहून दिली. 'खचाखच भरलेल्या सभागृहात ज्येष्ठ पत्रकारांचे अभ्यासपूर्ण व्याख्यान. श्रोते मंत्रमुग्ध.' 'ज्येष्ठ' शब्दावर थोडा अडखळलो, मग ठेवला. सोबत फोटो, आठ वर्षांपूर्वीचा. भाषणाचं काय, समोर उभा राहिलो की सुचेल.

२० जून, संध्याकाळी ६.१०.
सभागृहाला कुलूप. पायरीवर बसून लिहितोय. लोक वेळ पाळत नाहीत, हीच तर आपल्या समाजाची शोकांतिका. भाषण यावरूनच सुरू करावं.

२० जून, ६.५०.
कुणीच नाही. ऑफिसला फोन करून बातमी थांबवावी का? पण आवृत्ती केव्हाच छापायला गेली. शिवाय बातमीचा गाभा खराच आहे. श्रोते आले असते तर मंत्रमुग्धच झाले असते.

२१ जून.
संपादकांनी टेबलावर दोन सातवी पानं शेजारी शेजारी ठेवली. आजच्यावर माझं व्याख्यान, फोटोसकट. कालच्यावर डाव्या कोपऱ्यात वाचनालयाचं निवेदन: छताच्या दुरुस्तीमुळे व्याख्यान रद्द. ते मीच लावलेलं. शीर्षकही माझंच, 'वाचनालयाची सूचना'. निवेदनं मी वाचत नाही, नुसती जागेला बसतात का ते बघतो. संपादकांनी दोन्हींवर एकेक बोट ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी अण्णांचा फोन. नववं प्रकरण जसंच्या तसं घडवून आणल्याबद्दल आभार मानत होते. फक्त आगाऊरावाच्या बातमीत कुलूप लावलेल्या सभागृहातल्या श्रोत्यांना चहाही होता, तेवढा मी विसरलो, म्हणाले.

२३ जून, रविवार.
पुरवणी नव्या मुलीकडे गेली. आजचा पहिला अंक तिचा. शब्दकोडंही चांगलं जमलंय.

माझ्याकडे काल खुलासा लिहायचं काम आलं. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' आणि 'तांत्रिक कारणास्तव' होतं. संपादकांनी परत पाठवला. दुसऱ्यात छताला जबाबदार धरलं. तोही परत आला. तिसऱ्यांदा कंटाळून एवढंच लिहिलं: 'शुक्रवारच्या अंकात छापलेले व्याख्यान झाले नाही. सभागृहाला कुलूप होते. वक्त्याने पुस्तकाची फक्त चौदा पाने वाचली होती. क्षमस्व.' संपादकांनी एकही शब्द कापला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

आज सकाळी बायकोने तो दोनदा वाचला. मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो, पण हसली नाही. चांगलं लिहिलंयस, म्हणाली. माझ्या लिखाणाबद्दल ती असं आजवर कधी म्हणाली नव्हती. मला फार वाईट वाटलं.